परीक्षेच्या दिवसांत दुखणारा जबडा: ताण स्नायूपर्यंत पोचतो कसा?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्याकडून काही निसटलं असेल तर कळेल. दंतवैद्यकाचं तिसरं वर्ष, क्लिनिकमध्ये पेशंट बघायला नुकतीच सुरुवात झालेली. गेले दोन महिने दोन्ही गालांचा मागचा भाग आणि कानशिलं दुखतात, दुखणं बोथट आहे आणि संध्याकाळी वाढतं. सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो, पण अर्ध्या तासात मोकळा होतो. जांभई देताना ओढ बसते. उजव्या सांध्यात कधीतरी 'कट्' असा आवाज येतो, तो मात्र दुखत नाही. एका शिक्षकांनी सांगितलं, "ताण आहे, परीक्षा झाली की जाईल." एक सीनियर म्हणाले, "तुझा बाइट हाय आहे, एखादा दात आधी टेकतोय, थोडं घासून देतो." मैत्रिणीने नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं आवरण, करून घ्यायला सांगितलं. परीक्षा सहा आठवड्यांवर आहे आणि तुमचा प्रश्न असा की हे खरंच ताणामुळे आहे की चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बिघडलाय?

मी वीसेक वर्षं जबड्याच्या दुखण्याचे पेशंट बघतोय आणि त्यात दंतवैद्यकाचे विद्यार्थी नेहमी असतात. ते जवळजवळ सगळे हाच प्रश्न घेऊन येतात, ताण की चावा. मला वाटतं प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारायला हवा. ताण आहे अभ्यासाचा आणि दुखतोय गालातला स्नायू, मग या दोघांच्या मधली वाट कोणती? ती वाट सापडली की काय करायचं ते आपोआप ठरतं. नुसतं 'ताण आहे' एवढं सांगून पेशंटला परत पाठवलं, तर त्याच्या हाती काहीच लागत नाही.

मी तुम्हाला तपासलेलं नाही. त्यामुळे काही गोष्टी तुम्ही स्वतः बघून किंवा दाखवून घ्यायला हव्यात. तुमच्या वयात माझा पहिला संशय अक्कलदाढेवर जातो. अर्धवट आलेल्या दाढेभोवतीची हिरडी सुजली, की तोंड उघडायला त्रास होतो, गिळताना दुखतं, तोंडाला घाण चव येते, कधी ताप येतो. पण ते बहुतेक एकाच बाजूला असतं आणि काही दिवसांत शिगेला पोचतं. दोन महिने दोन्हीकडे सारखं बोथट दुखणं हे तिचं लक्षण नव्हे. तरी आरशात बघा, एक्स-रे झाला नसेल तर करून घ्या.

दुसरं, तोंड किती उघडतं ते मोजा, पट्टी तुमच्या हाताशीच असते. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यात वरचे दात खालच्यांवर जेवढे येतात तेवढं मिळवा. बेरीज चाळीस मिलिमीटर किंवा जास्त आली तर काळजीचं कारण नाही. ती बरीच कमी असेल, विशेषतः एके दिवशी 'कट्' आवाज बंद झाला आणि त्याच दिवसापासून तोंड कमी उघडायला लागलं असं असेल, तर सांध्यातली चकती अडकलेली असू शकते. मग परीक्षेची वाट बघू नका, लगेच दाखवा. चेहऱ्याला बधिरपणा, गाठ, कारण नसताना वजन उतरणं, मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, अचानक बदललेला चावा, यांपैकी काहीही असेल तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या. न दुखणाऱ्या 'कट्' आवाजाची मात्र भीती नको. तो पुष्कळ लोकांना असतो आणि त्याला उपचार लागत नाहीत.

आता तपासणी. 2014 साली जबड्याच्या या विकारांचे निदानाचे निकष नव्याने ठरले. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्नायू दाबल्यावर 'दुखतंय का' एवढंच विचारायचं नाही, तर 'तुम्हाला रोज होतं ते हेच दुखणं का' असं विचारायचं. नुसतं दाबल्यावर कुणाचाही मॅसेटर, म्हणजे गालातला चावण्याचा स्नायू, थोडा दुखेल. ओळखीचं दुखणं उमटलं तरच त्याला अर्थ आहे. गालाच्या हाडाखालपासून जबड्याच्या कोनापर्यंत मॅसेटर बोटाने चाचपत या, कानशिलावरचा टेम्पोरालिस हा स्नायूही तसाच तपासा. दाब साधारण एक किलोचा, दोन सेकंद. एक किलो म्हणजे किती याचा अंदाज नसतो, म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी छोट्या वजनकाट्यावर बोट दाबून बघायला लावतो. बहुतेकांना धक्का बसतो, कारण ते पेशंटला त्याच्या अर्ध्याही जोराने दाबत नसतात.

दाब पाच सेकंद ठेवला की आणखी एक गोष्ट कळते. दुखणं कधी दुसरीकडे जातं, मॅसेटरचं दाढांमध्ये आणि कानात, टेम्पोरालिसचं वरच्या दातांत. शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे खालच्या पहिल्या दाढेची रूट कॅनाल करून घ्यायला आली होती. एक्स-रे तिनेच काढून आणला होता. दाढेत कीड नव्हती, ठोकून दुखत नव्हतं, थंडाचा प्रतिसाद शेजारच्या दाढेसारखाच होता. मॅसेटरच्या खालच्या भागावर बोट ठेवून दाबलं आणि तिसऱ्या सेकंदाला ती म्हणाली, "आता ती दाढ दुखतेय." दाढेला कुणीच हात लावला नव्हता. एक चांगला दात वाचला. म्हणून सांगतो, क्लिनिकमधल्या मित्राच्या हातून घाईत कुठलाही दात उघडून घेऊ नका.

चाव्याच्या बाबतीत तुमच्या सीनियरचा हेतू चांगला आहे, पण हो म्हणू नका. ही कल्पना जुनी आहे. 1934 मध्ये जेम्स कॉस्टन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मांडलं की मागचे दात गेले की जबडा जास्त मिटतो आणि त्याचा दाब कानाजवळच्या सांध्यावर येतो. त्यानंतर कितीतरी वर्षं चावा 'दुरुस्त' करणं हाच उपचार मानला गेला. 1969 मध्ये डॅनियल लास्किन यांनी बाजू उलटी केली. त्यांच्या मते मूळ आहे ते स्नायूच्या थकव्यात, आणि तो थकवा येतो ताणातून लागलेल्या सवयींमुळे. त्यांचंही सगळं आज जसंच्या तसं टिकलेलं नाही, पण चाव्यावरचं लक्ष त्यांनी स्नायूकडे वळवलं. दात घासून चावा जुळवल्याने हे दुखणं बरं होतं किंवा टळतं याला पुरावा नाही, असं 2003 च्या कॉक्रेन पुनरावलोकनात, म्हणजे झालेले अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, म्हटलेलं आहे. शिवाय दुखणारा स्नायू जबड्याची ठेवण थोडी बदलतो, त्यामुळे चावा चुकल्यासारखा वाटतो. आज एक उंचवटा घासला की उद्या दुसरा जाणवतो, आणि घासलेलं इनॅमल काही परत येत नाही. अपवाद एकच. दुखणं सुरू व्हायच्या एक-दोन दिवस आधी नवीन फिलिंग किंवा क्राउन बसवलेली असेल आणि तीच आधी टेकत असेल, तर तेवढी कमी करणं रास्त आहे.

मग ताण स्नायूपर्यंत पोचतो कसा? माझ्या अनुभवात विद्यार्थ्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठी वाट दिवसाची आहे, रात्रीची नव्हे. आपल्याकडे झोपेत दात खाणं सगळ्यांना माहीत असतं. विद्यार्थी येतात आणि सांगतात, "मी दात खात नाही, रूममेटला विचारलं." ते खरंच असतं. पण दिवसा दात आवळून किंवा नुसते टेकवून धरणं हा वेगळा प्रकार आहे आणि त्याचा आवाज येत नाही. निवांत असताना वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर फट असते. चोवीस तासांत, चावणं-गिळणं धरूनही, दात एकमेकांना टेकतात तो वेळ वीसेक मिनिटांच्या आसपास धरला जातो. आता कुणी चार तास वाचताना दात हलके टेकवून बसला, तर त्या स्नायूचं काम किती पटींनी वाढलं ते बघा. जोर लावलेला नसतो, म्हणूनच ते कळत नाही.

हे मी रोज बघतो. विद्यार्थी वरच्या दाढेत क्लास टू प्रिपरेशन (दोन दातांमधल्या बाजूच्या फिलिंगसाठी दात कोरणं) करत असतो, मागून दात दिसत नाही म्हणून नजर आरशात. मान पुढे गेलेली, एक खांदा वर चढलेला, श्वास रोखलेला. बर, म्हणजे दात कोरणारं टोक, खोल जायला लागली की मास्कच्या कडेखाली, जबड्याच्या कोनापाशी, एक गोळा वर येतो. तो मॅसेटर. एवढ्यापर्यंत ठीक आहे, बारीक काम करताना कुणीही दात आवळतो. पण नंतर एअरोटर, म्हणजे बर फिरवणारं यंत्र, थांबतो, पेशंट चूळ भरतो, विद्यार्थी शिक्षकांची वाट बघत उभा राहतो, आणि तो गोळा तसाच असतो. शिक्षक तपासून पुढे जातात, तो नोंद लिहायला बसतो, गोळा अजून तसाच. माझा सगळा भर या न सुटण्यावर आहे. काम संपलेलं असतं, पण पुढच्या पेशंटची, कोट्याची (पूर्ण करायच्या ठरलेल्या कामांची), सही मिळेल की नाही याची काळजी चालूच असते आणि तीच स्नायूला सुटू देत नाही. स्नायूत जे तंतू आधी कामाला लागतात ते सगळ्यात शेवटी सुटतात. जोर कमी असला तरी तेच ते तंतू तासन्‌तास राबत राहतात, त्यातून ते दुखायला लागतात अशी एक उपपत्ती आहे आणि मी जे बघतो त्याच्याशी ती जुळते.

दुसरी वाट झोपेची. अमेरिकेत 'ओपेरा' नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात जबडा न दुखणाऱ्या लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना पुढे दुखणं सुरू झालं, त्यांची झोप दुखण्याच्या आधीच्या काळात बिघडत गेलेली दिसली. म्हणजे दुखतंय म्हणून झोप गेली एवढंच नाही, झोप आधी गेली. अपुऱ्या झोपेने दुखणं दाबून ठेवायची शरीराची ताकद घटते. परवापर्यंत जो स्नायू निमूट सहन करत होता, तो तेवढ्याच कामाला दुखायला लागतो.

यातूनच तिसरी गोष्ट निघते. तुम्ही शेवटी विचारलंय, "मग हे माझ्या मनाचंच आहे का?" नाही. दुखणं स्नायूत आहे, बोट ठेवून दाखवता येतं. काळजी, अपुरी झोप आणि सततची धास्ती यांनी मज्जासंस्था जास्त संवेदनशील होते, आणि हा शरीरातलाच बदल आहे. 'ताण आहे' याचा अर्थ 'खरं नाही' असा कुणी लावला तर तो चुकीचा आहे, मग ते कितीही ज्येष्ठ असोत.

इथवरचं एकत्र करून तुमच्याबद्दल माझा अंदाज सांगतो. दोन्ही बाजू, बोथट, संध्याकाळी जास्त, क्लिनिक सुरू झाल्यापासून. बहुधा हे चावण्याच्या स्नायूंचं दुखणं आहे आणि त्याचा मोठा वाटा दिवसा दात टेकवून धरण्याचा आहे. सकाळचा जडपणा थोडा रात्रीचा वाटाही दाखवतो, पण तो अर्ध्या तासात जातो, म्हणून मी त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

सुरुवात नोंदीपासून करा. फोनवर दिवसभरात दहा-बारा वेळा, ठरावीक अंतराने नव्हे तर अधूनमधून, आठवण वाजेल असं लावा. वाजली की त्या क्षणी दात कसे होते ते एका शब्दात लिहा: सुटे, टेकलेले की आवळलेले. शेजारी काय करत होता तेही. एक आठवडा फक्त एवढंच, काही बदलायला जाऊ नका. पहिल्या दोन दिवसांत विद्यार्थी घाबरून सांगतात की त्रास वाढला. तो वाढलेला नसतो, पहिल्यांदाच लक्षात आलेला असतो.

दुसऱ्या आठवड्यापासून आठवण वाजली की जबडा सोडायचा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ 'न' म्हणताना जिथे टेकते तिथे हलकी टेकलेली. मनात एकदा 'न' म्हणा आणि तिथेच थांबा, दात आपोआप वेगळे होतात. मग नाकाने एक लांब श्वास सोडा, त्याबरोबर खांदेही खाली येतात. ऐन प्रिपरेशन चालू असताना हे करायला जाऊ नका, तेव्हा लक्ष पेशंटच्या दाताकडेच हवं. त्याऐवजी जिथे हात थांबतोच अशा जागा धरा. बर बदलताना, पेशंट चूळ भरताना, हातमोजे काढताना. तो न सुटणारा गोळा याच जागांवर सुटला पाहिजे. ज्यांनी हे मन लावून केलं त्यांच्या संध्याकाळच्या दुखण्यात मला साधारण तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो. काहींना जास्त वेळ लागतो, आणि ज्यांची झोप फार बिघडलेली असते त्यांना एवढ्याने पुरत नाही.

याच्या जोडीला गालावर आणि कानशिलावर ओलसर शेक, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. शेकानंतर जीभ टाळूला लावून तोंड हळूहळू उघडायचं-मिटायचं, सहा-सात वेळा, दुखेल तिथे थांबायचं. जोराने ताणू नका. च्युइंगम, पेन चावणं, नखं खाणं आणि तळहातावर हनुवटी टेकवून वाचणं हे सहा आठवडे बंद. खूप दुखतं त्या दिवसांत मऊ खा, पण महिनाभर स्नायूला बसवून ठेवू नका. क्लिनिकमध्ये स्वतः वाकण्याआधी पेशंटचं डोकं वळवा आणि खुर्ची वर-खाली करा. पहिल्या वर्षी शिकवलेलं असतं, कोट्याच्या घाईत सगळे विसरतात.

औषधांबद्दल सावधपणे लिहितो. आयबुप्रोफेनसारखं औषध थोडे दिवस उपयोगी पडतं, पण दमा, पोटाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर चालत नाही, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच. स्नायू सैल करणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्या सीनियरकडून मागून घेऊ नका. परीक्षेच्या तोंडावर सुस्ती आणि विसरभोळेपणा कुणालाच परवडत नाही. तुम्ही नैराश्य, चिंता किंवा एकाग्रतेसाठी काही औषध घेत असाल तर ते मात्र जरूर सांगा. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिनच्या गटातल्या औषधांनी आणि एकाग्रतेच्या काही गोळ्यांनी दात आवळणं सुरू होऊ शकतं किंवा वाढू शकतं. ती स्वतःहून थांबवायची नाहीत, ज्यांनी दिली त्यांच्याशी बोलायचं. कॉफी सोडा असं मी म्हणत नाही, दुपारनंतर घेऊ नका.

आता नाईट गार्ड. मी विरोधात नाही, बरेच बनवून देतो. सकाळचं दुखणं जास्त असेल किंवा दात झिजताना दिसत असतील, तर कडक अ‍ॅक्रिलिकचा, कमानीतले सगळे दात झाकणारा आणि नीट जुळवलेला स्प्लिंट, म्हणजे मापाने बनवलेला गार्ड, उपयोगी पडतो. तो दात वाचवतो, काहींचं दुखणंही कमी करतो. सवय मात्र मोडत नाही, आणि दिवसा तो तोंडात नसतोच. गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार गार्ड घेऊ नका. फक्त पुढचे दात झाकणारी उपकरणं देखरेखीशिवाय दीर्घकाळ वापरली तर चावा खरोखरच बदलतो. तुमच्या बाबतीत मी चार आठवडे दिवसाच्या सवयीवर काम करीन आणि सकाळचा जडपणा तेव्हाही उरलाच तर स्प्लिंट देईन. बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा विचार आज करूच नका.

तुमच्या शिक्षकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. परीक्षेनंतर पुष्कळांचं दुखणं उतरतं. पण दंतवैद्यकात एक परीक्षा संपते तेव्हा पुढचं पोस्टिंग समोर उभं असतं, आणि मी असे डॉक्टर बघतो ज्यांचं दुखणं तिसऱ्या वर्षात सुरू झालं आणि प्रॅक्टिस सुरू झाल्यावरही चालूच आहे. तीन महिन्यांच्या पुढे गेलेल्या दुखण्याला आपण जुनाट म्हणतो. तुम्हाला दोन महिने झालेत, म्हणून मला हे आत्ताच थांबवावंसं वाटतं.

एक विनंती आहे. 2014 च्या त्या निकषांत स्नायू आणि सांध्याच्या तपासणीइतकंच महत्त्व मनःस्थिती आणि चिंता विचारण्याला दिलंय, आणि घाईच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं. रात्री झोप लागत नसेल, क्लिनिकला जायच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर समुपदेशकाकडे जा. तो जबड्याच्या उपचाराचाच भाग आहे. विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचारपद्धतीने हे दुखणं कमी होतं. माझ्याकडे आलेल्या कित्येकांनी हे शिक्षकांपासून लपवलं होतं, 'हाताला धीर नाही' असा शिक्का बसेल म्हणून. ज्यांनी सांगितलं त्यांच्यापैकी बहुतेकांना समजूतदार उत्तर मिळालं. एखाद्याला नाही मिळालं, तेव्हा दुसऱ्या शिक्षकांकडे जावं लागलं.

आठवडाभराच्या नोंदी झाल्या की त्या घेऊनच तुमच्या विभागातल्या ओरल मेडिसिनच्या (तोंडाच्या विकारांच्या) किंवा जबड्याच्या दुखण्याचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. 'आवळलेले' हा शब्द कुठल्या वेळी जास्त पडलाय ते त्यांना दाखवा. तो क्लिनिकच्या तासांत असेल तर बर बदलण्यापासून काम सुरू करायचं. रात्री अकरानंतर पुस्तकासमोर असेल, तर अभ्यासाची वेळ आणि झोप आधी हातात घ्यायची. आणि कागदावर सगळीकडे 'सुटे' आलं, तरी दुखतंय असं झालं, तर माझा अंदाज चुकलाय असं समजा आणि त्यांना पहिल्यापासून तपासायला सांगा.